खाऱ्या पाण्याच्या लहान टँकमध्ये शेवाळ माजलंय? या चुका टाळा

नवा टँक लावून दोन-तीन आठवडे होतात आणि पांढऱ्या वाळूवर तपकिरी पूड पसरते. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट वापरून ते वाढतात आणि सिलिकेट संपत आलं की बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी दुकानातून कुठलीही बाटली आणू नका. डायटम महिनोन् महिने हटत नसतील, तर मात्र तुमच्या पाण्यातच खोट आहे.

'घरी आरओ आहे की!'

साठ-सत्तर लिटरच्या टँकमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. स्वयंपाकघरातलं प्युरिफायर पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं असतं. पाणी बेचव लागू नये म्हणून त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. म्हणजे मेंब्रेनने काढलेले क्षार पुन्हा थोडे मिसळले जातात. टीडीएस मीटर धरून बघा, ५० ते १०० आकडा सहज दिसेल. टँकमध्ये घालायच्या गोड्या पाण्याचा हा आकडा शून्य हवा, त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लागतं.

आता बाष्पीभवनाचा हिशेब करा. उन्हाळ्यात पंख्याखाली टँक असेल तर रोज लिटरभर पाणी उडतं असं धरू. उडतं ते फक्त पाणी, मीठ आणि शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट मागेच राहतं. रोजची भर नळाच्या पाण्याची असेल तर साठ लिटरच्या टँकमध्ये महिन्याला तीस लिटर नळाच्या पाण्यात विरघळलेला माल साठतो. आणि ही भर नेहमी गोड्या पाण्याची असते, खाऱ्या पाण्याची नाही. नाहीतर टँकच्या खाऱ्या पाण्याची १.०२५ ची घनता बघता बघता वर चढते.

समुद्रकिनारी राहणारे कधीकधी थेट समुद्राचं पाणी भरून आणतात. मुंबईच्या किनाऱ्यावरचं आणू नका. सांडपाण्याचं नायट्रेट, फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, आयतंच घरी येईल. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलण्याचा मोहही आवरा. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

टेस्ट किट शून्य दाखवतंय, म्हणजे सगळं ठीक?

दगडांवर शेवाळाचे हिरवे केस बोटभर वाढलेत आणि नायट्रेट मात्र शून्य, असं होऊ शकतं. किट पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाने आधीच खाल्लेलं त्यात दिसत नाही. शिवाय जुन्या दगडांत मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. तेव्हा आकड्याबरोबर दगडाकडेही बघा. केस हातानेच उपटा, तेही पाणी बदलताना, सायफनची नळी शेजारी धरून. तुटलेले तुकडे टँकमध्ये सोडले तर ते दुसऱ्या दगडावर रुजतात.

खाणं कमी करा हे सगळेच सांगतात, खरंही आहे. दोन क्लाउनफिशला चिमूटभर पुरतं. फ्रोझन मायसिस (माशांना घालायचे गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव) आधी गाळणीत धुवून घ्या आणि ते वितळलेलं पाणी टँकमध्ये ओतू नका. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) दर तीन-चार दिवसांनी बदला, त्यात अडकलेला कचरा तिथेच कुजतो.

शून्याचा हट्ट

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक. चिडलेला माणूस एकाच आठवड्यात फॉस्फेट रिमूव्हर घालतो, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) जोरात लावतो, खाणं बंद करतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात, हिरवं शेवाळ मरतं आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्स हे सूक्ष्म एकपेशीय जीव येतात. तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री कमी, दुपारी पुन्हा भरगच्च. काही जाती विषारी असतात, ते खाऊन गोगलगाई मरतात. शंका आली तर थोडा चिकटा बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात धागे पुन्हा जुळले तर बहुधा तेच. तेव्हा उपाय उलटा करावा लागतो: रिमूव्हर काढा, पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास येऊ द्या.

लालसर जांभळी साय वाळूवरून पापुद्र्यासारखी उचलली जात असेल तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया. प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात पहिल्यांदा धरतात. पॉवरहेडचं (प्रवाह देणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा, साय सायफनने ओढा. अँटिबायोटिक शेवटचा उपाय. मरणारी साय कुजताना पाण्यातला ऑक्सिजन घटतो, म्हणून त्या दिवशी एअरपंप चालूच ठेवा.

दिवे आठ तास पुरेत, टायमर लावा. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई दोन-तीन आणा, डझनभर नको. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात आणि साठ लिटरमध्ये एक मेलेली टर्बो गोगलगाय अमोनिया वाढवायला पुरेशी असते.