शटडाउनमधला फर्मवेअर पॅच रिव्ह्यू कसा करायचा

डिफ (पॅचने बदललेल्या ओळी) नंतर वाचा, आधी रीबूटचा क्रम कागदावर लिहून काढा. लिनक्समध्ये आधी रीबूट नोटिफायर (रीबूट होतोय हे कळवायला कर्नल बोलावतं ती फंक्शन्स) एकेक करून चालतात, मग सिस्टिमची स्टेट बदलते, मग यूजरमोड हेल्पर (कर्नलने यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, प्रोग्राम चालवायची सोय) बंद होतो आणि त्यानंतर डिव्हाइस शटडाउन. फर्मवेअर लोडरचा (ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल आणून देणारा कर्नलचा भाग) नोटिफायर पहिल्याच टप्प्यात येतो, काम एकच, फाइल कर्नलला स्वतः सापडली नाही आणि यूजरस्पेसकडून येईल म्हणून ताटकळलेल्या फॉलबॅक रिक्वेस्ट मारायच्या. कारण अशी रिक्वेस्ट हेल्परचं रीड लॉक धरून बसते आणि हेल्पर बंद करायला राइट लॉक लागतं, जे सगळी रीड लॉक सुटल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे रीबूट तिथेच अडकला, डिफॉल्ट टाइमआउट 60 सेकंद.

आता खरा प्रश्न. नोटिफायरने झाडून घेतलं आणि लगेच मागून नवी रिक्वेस्ट आली तर? बाकीचे नोटिफायर अजून चालूच असतात, हेल्पर बंद झालेला नसतो, त्यामुळे ती आरामात आत शिरते आणि परत 60 सेकंद. यावर उपाय म्हणजे एक ग्लोबल फ्लॅग, रीबूट सुरू झाला की यापुढची प्रत्येक फॉलबॅक रिक्वेस्ट अ‍ॅबॉर्ट. दिसायला चार ओळी, पण बघायचं ते लॉक: फ्लॅग लावणं एका म्यूटेक्सखाली (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक), आणि फ्लॅग तपासून रिक्वेस्ट पेंडिंग लिस्टला जोडणं हेही त्याच म्यूटेक्सखाली, मध्ये लॉक न सोडता. तपासणी लॉकच्या बाहेर असेल तर रेस (दोन कामं एकाच वेळी धावून क्रम चुकणं) गेलीच नाही, फक्त फट बारीक झाली, आणि असा बग वर्षातून एकदा कस्टमरकडेच दिसतो.

एरर पाथपण बघा, लवकर बाहेर पडताना आधी जोडलेलं सिसएफएस डिव्हाइस (यूजरस्पेसने फाइल द्यावी म्हणून /sys खाली उघडलेली जागा) काढलं जातंय का. आणि सस्पेंड विसरू नका! तिथेही रिक्वेस्ट मारणारं हेच फंक्शन वापरतात, फक्त आर्ग्युमेंट वेगळं, चुकून तिथे फ्लॅग लागला आणि कुणी उतरवला नाही तर लॅपटॉप जागा झाल्यावर फॉलबॅक कायमचा बंद.

टेस्ट करताना फॉलबॅक बंद असलेल्या कर्नलवर काहीच कळत नाही, सगळं हिरवंच दिसतं. कर्नलसोबत येणारं टेस्ट फर्मवेअर मॉड्यूल (test_firmware) लोड करा, सिसएफएस फॉलबॅक फोर्स करा, नसलेल्या फाइलचं नाव बॅकग्राउंडला लूपमध्ये मागत रहा आणि रीबूट दोनदा फोर्स देऊनच करा (reboot -ff), कारण साध्या किंवा एकदाच फोर्स दिलेल्या रीबूटमध्ये सिस्टिमडी (सर्व्हिसेस सांभाळणारा पहिला प्रोसेस) बाकीच्या प्रोसेस आधीच मारून टाकतो आणि ही वाट बघणं किल होऊ शकणारं आहे. फट रुंद करायला नोटिफायरनंतर तात्पुरता 5 सेकंदांचा स्लीप टाका, सिरियल कन्सोलवरचे टाइमस्टँप पॅचशिवाय आणि पॅचसकट शेजारी ठेवा.