वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांसाठी उन्हाळ्यात एवढं बघाच
पुण्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आपलं कोणी वृद्धाश्रमात असेल तर भेटायला शक्यतो दुपारी तीन-चारला जा, कारण खोली किती तापते ते तेव्हाच कळतं, आणि वरच्या मजल्यावर असतील तर स्लॅब रात्रीपर्यंत गरम राहतो म्हणून खालची खोली मागून घ्या. माझी आत्या सिंहगड रोडला एका ठिकाणी होती, पाण्याचा तांब्या भरलेला असायचा पण तिच्या हाताला लागायचाच नाही, आणि मागायचं कसं म्हणून ती गप्प. म्हाताऱ्या माणसांना तहान लागल्याचं कळतच नाही हो, त्यामुळे "पाणी हवंय का" असं विचारू नका, सरळ अर्धा पेला हातात द्या, तासा-दीड तासाने परत. ताक, पन्हं, कोकम सरबत चालतं, पण शुगर असेल तर साखर आणि बीपी असेल तर मीठ जपून. हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, गोळी मनाने बंद करू नका. सुती गाऊन, ओल्या पंच्याने मान-हात पुसणं, सकाळी दहालाच पडदे बंद. आणि अचानक असंबद्ध बोलायला लागले, अंग तापलंय, झोपाळल्यासारखे झालेत तर वयामुळे असेल म्हणून सोडू नका, लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून पंखा लावा, नीट शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.