लिथोट्रिप्सी करून घेताना किडनी कशी जपायची

मी लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे शरीराबाहेरून शॉक वेव्ह (धक्का देणाऱ्या लहरी) सोडून किडनीतला खडा फोडायच्या मशीनवर काम करते. टेबलावर आडवा झालेला पेशंट हमखास विचारतो, "खडा फुटेल ना?" किडनीला काय होईल, हे क्वचितच कोणी विचारतं. ते आवर्जून विचारा.

शॉक वेव्ह खड्यावर एकवटते, पण आजूबाजूच्या किडनीलाही मार बसतो. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून एक-दोन दिवस लघवी लालसर होते. किडनीचं काम थोडं मंदावतं. निरोगी किडनी सहसा त्यातून पूर्ण सावरते. क्वचित किडनीभोवती रक्त साचतं. कुशीतलं दुखणं वाढतच गेलं, चक्कर आली, तर तडक दवाखाना गाठा.

रक्त पातळ करणारी गोळी, अगदी ॲस्पिरिनसुद्धा, घेत असाल तर आधी सांगा; मनानं बंद करू नका. रक्तदाब आटोक्यात हवा, लघवीतलं इन्फेक्शन आधी बरं झालेलं हवं. एकच किडनी असेल तर डॉक्टरांशी सविस्तर बोला. गरोदरपणात हा उपचार करत नाहीत.

मशीन मी कमी ताकदीवर सुरू करते. त्या हलक्या फटक्यांनी किडनीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पुढे रक्तस्राव कमी होतो. मग हळूहळू ताकद वाढवायची, वेग मिनिटाला ६० ते ९० फटके. "जरा लवकर उरका" असं नातेवाईक म्हणतात, पण १२० च्या वेगानं खडाही नीट फुटत नाही आणि किडनीला इजा जास्त होते. तुम्ही फक्त हलू नका. दुखलं तर सरकण्याऐवजी सांगा, मी थांबते. सरकलात की फटके खड्याऐवजी किडनीवर बसतात.

खरी काळजी नंतरची. फुटलेले तुकडे मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून लघवी खाली नेणाऱ्या नळीत, एकामागोमाग अडकू शकतात आणि किडनी तुंबू शकते. कधीकधी दुखणं थांबतं, पण तुंबलेलं तसंच राहतं. क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतं, कारण दुसरी किडनी भार उचलते. म्हणून बरं वाटलं तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी किंवा एक्स-रे कराच. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, तर रात्र असली तरी निघा. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

लघवी गाळून तुकडे डबीत ठेवा, तपासणीला लागतात. आणि स्टेंट (लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) घातला असेल तर काढायची तारीख घरी जायच्या आधीच लिहून घ्या. आत राहिलेल्या स्टेंटवर खडे धरतात आणि किडनी पुन्हा तुंबते.