कास्क एल पिताना या चुका टाळा

"बिअर गरम आहे आणि गॅसही गेलाय." इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना पबमध्ये नेलं, की पहिल्या घोटानंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. शेफील्डला राहायला आलो तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. पुण्यातल्या टॅपरूममधली गार, फसफसणारी बिअर पिऊन आलेल्या जिभेला तसं वाटणारच. पण त्या एका गैरसमजापायी कितीतरी जण पुन्हा हँडपंपाच्या बिअरकडे, म्हणजे कास्क एलकडे, फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नीट सांभाळलेली कास्क एल ही या देशातल्या उत्तम चवींपैकी एक आहे, आणि ती प्यायला कोपऱ्यावरच्या पबातच जावं लागतं.

आधी ती काय असते ते बघू. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा बिअर गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात, त्याच पिंपात, ती पुन्हा थोडी आंबते. त्यातून जो हलका वायू तयार होतो तेवढाच तिच्यात असतो. वरून कार्बन डायऑक्साइडचा दाब देत नाहीत. बारवरचा लांब दांडा खेचला की आपल्या हापशासारखीच ती तळघरातून ओढली जाते. आपल्याकडे नीरा पिणाऱ्याला हे पटकन समजेल. पहाटेची नीरा आणि दुपारची नीरा या दोन वेगळ्या वस्तू असतात आणि तिची वेळ पाळावी लागते. खालच्या बहुतेक चुका कास्क एलला बाटलीबंद वस्तू समजल्यामुळे होतात.

फ्रीजसारखी गार मागणे

कास्क एल ११ ते १३ अंश सेल्सिअसला द्यायची असते. हा तळघराचा गारवा, माठातल्या पाण्याच्या जवळचा. त्याहून फार गार केली की माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) बिस्किटासारखा गोडवा आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास दोन्ही दबतात, शिवाय प्रथिनांमुळे बिअर धुरकट दिसू लागते. म्हणून बर्फ मागू नका, गार ग्लासही मागू नका. मात्र ग्लास हातात घेतल्यावर गारवा अजिबात जाणवला नाही, तर तुमची तक्रार रास्त आहे. उन्हाळ्यात तळघराचं कूलिंग कमी पडतं, किंवा तळघरापासून बारपर्यंतच्या नळीत बिअर तापते. तेव्हा जरूर सांगा.

जास्त पंप असलेला पब निवडणे

ही चूक जाणकारही करतात. आठ-दहा पंपांची रांग बघून जीव हरखतो. आता हिशेब करा. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंट (पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त). नळ ठोकून विक्री सुरू झाली की जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा आत जाते, आणि साधारण तीन दिवसांत चव उतरते. आठ फर्किन तीन दिवसांत संपवायचे तर ५७६ पिंट, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोनशे. मंगळवारी दुपारी त्या पबात चारच गिऱ्हाइकं बसलेली दिसली, तर बाकीच्या पंपांखाली काय चाललं असेल ते ओळखा. तीनच पंप असलेला पण गजबजलेला पब केव्हाही बरा. मोठ्या पबात जायचंच असेल तर लोक कुठला पंप खेचायला लावताहेत ते दोन मिनिटं उभं राहून बघा आणि तीच मागा. पंपावरची बिअरच्या नावाची पाटी, म्हणजे क्लिप, उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही, तिच्यासाठी हट्ट धरू नका.

"तयार नाही" म्हणजे काय, हे एकदा तळघर दाखवायला तयार असलेल्या पबमालकाकडून समजून घ्या. पिंप आडवं, न हलवता मांडून ठेवतात. वरच्या भोकातल्या बुचात सच्छिद्र, मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिला स्पाइल म्हणतात. तिच्यातून जास्तीचा वायू हळूहळू बाहेर पडतो. फसफस शांत झाली की कठीण लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. ही मऊ खुंटी कधी काढायची, कठीण कधी ठोकायची, याचं गणित प्रत्येक बिअरला वेगळं. कीथलीच्या टिमोथी टेलर ब्रुअरीची 'लँडलॉर्ड' पुरेसा आराम मिळाल्याशिवाय खुलत नाही, हे यॉर्कशायरमधला कुठलाही सेलरमन, म्हणजे तळघर सांभाळणारा, सांगेल. घाई केलेली लँडलॉर्ड कडवट, बंद-बंद लागते. दोष ब्रुअरीचा नसतो. म्हणून एखादी नावाजलेली बिअर एका पबात आवडली नाही, तर तिच्यावर कायमची फुली मारू नका. दुसऱ्या पबात पुन्हा घ्या.

खराब पिंट मुकाट्याने पिणे

आपल्या संकोची स्वभावाला हे सगळ्यात जड जातं. चार पौंडांहून जास्त मोजायचे आणि तोंड वाकडं करत संपवायचं! व्हिनेगरचा वास, ओल्या पुठ्ठ्याची चव, उग्र लोण्यासारखा वास, यांपैकी काही जाणवलं तर दोन घोटांतच ग्लास काउंटरवर न्या. अर्धा संपवून नेऊ नका. कारण सांगा: "आंबूस झालीय असं वाटतंय, बघता का?" चांगल्या पबात वाद होत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पबात मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा हात थरथरत होता. बारमागच्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला, आभार मानले, क्लिप उलटी फिरवली आणि "दुसरी कुठली देऊ?" विचारलं. तुम्ही सांगितल्यामुळे पुढच्या दहा जणांची संध्याकाळ वाचते.

दार उघडल्या उघडल्या गेलात तर आणखी एक गोष्ट. रात्रभर नळीत राहिलेली बिअर पहिल्या ग्लासात येते. ती आधी खेचून ओतून टाकली आहे का, हे विचारण्यात काहीच वावगं नाही. आणि पिंट मागण्याआधी छोट्या ग्लासात चाखायला मागण्याची तर इथे पद्धतच आहे. दोन चाखा, फार तर तीन. मागे रांग असताना सात चाखू नका.

चांगल्या बिअरला खराब समजणे

याची उलटी चूकही होते. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पेल एलला (फिकट रंगाच्या एलला) पहिल्या क्षणी काडेपेटीसारखा गंधकाचा वास येतो. तिथल्या पाण्यात जिप्समचं प्रमाण भरपूर आहे, त्यातून तो येतो आणि घटकाभरात उडून जातो. हॉप्सचा कडवटपणा खुलवणारं पाणीही तेच. या वासाला आपल्या इतिहासाचाही धागा आहे. लंडनच्या हॉजसनची बो ब्रुअरी आधीपासून हिंदुस्थानात पेल एल पाठवत होती. १८२०च्या दशकात ऑलसॉप, बास हे बर्टनवाले त्या व्यापारात उतरले आणि जहाजांवरून मुंबई-कलकत्त्याला त्यांची पिंपं येऊ लागली. इंडिया पेल एल (आयपीए, IPA) हे नाव त्या व्यापारातलं. आज पंपावर ती तीन अक्षरं दिसली की नेहमीची चव म्हणून मागू नका. काही सौम्य, काही जहाल असतात, क्लिपवरची अल्कोहोलची टक्केवारी वाचा.

फेसाचंही तसंच. यॉर्कशायरमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांचं स्पार्कलर लावतात, त्यामुळे सायीसारखा दाट फेस येतो. दक्षिणेत ते लावत नाहीत, फेस पातळ असतो. लंडनची पिंट म्हणून शिळी ठरत नाही. फेसामुळे बिअरच कमी वाटली तर "टॉप अप" मागा.

शाकाहारी असूनही न विचारणे

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे आणि बहुतेकांना तो कुणी सांगत नाही. यीस्ट लवकर तळाला बसावं म्हणून अनेक ब्रुअरी पिंपात आयझिंगग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. बरंचसं गाळासोबत तळाशी राहतं, पण ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांना हे आधी कळायला हवं, आणि क्लिपवर ते सहसा लिहिलेलं नसतं. बारवर "अनफाइन्ड किंवा व्हीगन काही आहे का?" असं विचारा. अनफाइन्ड म्हणजे यीस्ट तळाला बसवायला काहीच न घातलेली. अशा बिअर आता बऱ्याच पबांत मिळतात. त्या बऱ्याचदा मुळातच गढूळ असतात, तेव्हा गढूळपणा बघून परत करू नका. वास आणि चव स्वच्छ असेल तर बिअर ठीक आहे.

शेवटी सुरुवात कशी करायची ते. पहिल्याच दिवशी ५.६ टक्क्यांची 'ओल्ड पेक्युलिअर' पिंटभर घेऊ नका आणि गाडी घरी ठेवा. ३.८-४ टक्क्यांच्या बिटरचा (हॉप्सचा कडवटपणा असलेल्या नेहमीच्या एलचा) अर्धा पिंट घ्या, मग माइल्डचा अर्धा. माइल्ड बहुधा गडद, कमी कडू, भाजलेल्या माल्टची असते. सोबत खारे शेंगदाणे पुरेत. शेफील्डला आलात तर केल्हम आयलंड भागात फिरा, आणि केंटमध्ये असाल तर हर्न गावी जा. २००५ साली एका जुन्या खाटकाच्या दुकानात तिथे पहिला मायक्रोपब उघडला. खोली इतकी छोटी, की गुडघ्याला गुडघा लागतो आणि शेजारचा माणूस आपणहून सांगतो, आज कुठलं पिंप चांगलं आहे.