पिकनिक पॉइंटचे रान कसे पाहावे

अमेरिकेतील मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आवारात, मेंडोटा सरोवराच्या काठाने सुमारे ३०० एकरांचे राखीव रान पसरले असून त्यातील पिकनिक पॉइंट हा जमिनीचा अरुंद पट्टा जवळजवळ मैलभर पाण्यात शिरला आहे. ईगल हाइट्स या विद्यापीठाच्या निवासी वसाहतीकडे जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या बसने या भागात पोहोचता येते आणि तिला तिकीट लागत नाही.

मुलांकडे जून-जुलैत जाणाऱ्या आई-वडिलांना येथे गर्द सावली मिळते, परंतु रानाचा खरा हंगाम तोवर सरलेला असतो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस ओक आणि मेपल यांना पालवी पूर्ण फुटलेली नसते. त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते आणि तेवढ्या अवधीत ब्लडरूट, ट्रिलियम यांसारखी रानफुले उमलून घेतात. ब्लडरूटच्या पांढऱ्या पाकळ्या काही दिवसांतच गळतात, म्हणून फुले पाहायची असतील तर सवडीच्या रविवारची वाट पाहू नये.

चालताना पायवाट सोडू नये. वाटेलगत दिसणारे गवताळ उंचवटे हे होचंक या येथील मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी रचलेली दफनाची टेकाडे असू शकतात. त्यांवर चढणे किंवा बसून डबा उघडणे अनुचित आहे. बहुतेक जण टोक गाठण्याच्या घाईत ते न पाहताच पुढे जातात, याचे नवल वाटते. रानात शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर बुटांचे तळवे घासून स्वच्छ करावेत, कारण युरोपातून आलेली गार्लिक मस्टर्ड ही वनस्पती चिखलाला चिकटलेल्या बियांमधून पसरते आणि स्थानिक फुलझाडांची जागा बळकावते. तिचे पान चुरडल्यास लसणाचा वास येतो, एवढी खूण पुरेशी आहे.

पक्षी पाहणाऱ्यांनी मात्र नोव्हेंबर निवडावा. त्या सुमारास युनिव्हर्सिटी बे या उथळ उपसागरात स्थलांतर करणारे टुंड्रा हंस उतरतात, आणि आपल्याकडील वारकरी या पाणपक्ष्याचे अमेरिकी भाऊबंदही दिसतात. दुर्बीण आणि वारा अडवणारे जाकीट अवश्य न्यावे.

उन्हाळ्यात गेल्यास पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पँट मोज्यांत खोचावी आणि तीन-तीन पानांच्या, अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्ही या वनस्पतीला स्पर्श करू नये. घरी परतताच गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांत गोचीड तपासावी. येथील हरणांवरील गोचीड लाइम हा जिवाणूंमुळे होणारा रोग पसरवते, आणि ती तिळाएवढी असल्याने सहज नजरेतून सुटते.