माया स्थलांतरितांचा ग्रामोत्सव कसा पाहावा आणि कसा नोंदवावा

ग्वाटेमालातून अमेरिकेत आलेल्या माया लोकांचा सण अभ्यासायचा असेल, तर ही मंडळी मूळची कोणत्या गावची, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. ग्वाटेमालात माया कुळातील २२ भाषांना मान्यता आहे आणि आपल्याकडे ग्रामदैवत असते तसा तिथे प्रत्येक गावाला आपला रक्षक संत असतो. त्यामुळे ‘माया संस्कृती’ असे मोघम शीर्षक देऊन केलेली नोंद फारशी उपयोगाची नसते. फ्लोरिडातील इंडियनटाउनमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी यादवी युद्धातून जीव वाचवून आलेल्यांत सान मिगेल अकातान या गावचे लोक बरेच होते आणि त्यांच्या संत मिगेलचा दिवस २९ सप्टेंबर. जवळच्याच ज्युपिटर शहरात मात्र हाकालतेनांगो या गावचे, पोप्ती ही माया भाषा बोलणारे लोक आहेत आणि त्यांचा उत्सव कांदेलारिया मातेचा (मेरीमातेचे एक रूप), म्हणजे २ फेब्रुवारीचा.

मिरवणुकीपेक्षा तयारी अधिक बारकाईने पाहावी. वर्गणी कोणी गोळा केली, सण सुट्टीच्या दिवशी घेण्याचा निर्णय कसा झाला, मारिम्बा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवायला तरुण मुले कोणाकडून शिकली, हे विचारावे, कारण परक्या देशात गावपण टिकते ते या कामांतूनच. स्त्रियांच्या अंगातील उइपिल, म्हणजे हातमागावरचा पारंपरिक सैल पोलका, कोठून आणला हेही विचारावे. त्याच्या विणीवरून पूर्वापार गाव ओळखले जाते.

सणाला न आलेल्यांचीही नोंद हवी. अनेक माया कुटुंबे इव्हँजेलिकल या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची असून संतांच्या मूर्तीपासून आणि मिरवणुकीपासून दूर राहतात. त्यांनी आपली ओळख सोडली, असे लिहिणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या प्रार्थनासभेत जावे आणि तिथे कोणती भाषा बोलली जाते ते ऐकावे.

छायाचित्रांबाबत विशेष काळजी घ्यावी. अनेकांकडे वास्तव्याची कागदपत्रे नसतात, म्हणून परवानगीशिवाय चेहरे टिपू नयेत आणि वहीत खरी नावे वा पत्ते लिहू नयेत. १९६० ते १९९६ या काळातील ग्वाटेमालाच्या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. तो विषय सणाच्या दिवशी आपणहून काढू नये. लिखाण पूर्ण झाल्यावर ते प्रथम उत्सव समितीला वाचून दाखवावे आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करूनच पुढे द्यावे.