सरूपासून सुरुवात करा: पॅलेस्टिनी भरतकाम शिकताना

पॅलेस्टिनी भरतकाम, म्हणजे ततरीझ, शिकायचं असेल तर पहिला नमुना सरूच्या, म्हणजे सायप्रसच्या झाडाचा घ्या. बेथलेहेमचा चंद्र, पक्षी, फुलांच्या वेली हे सगळं नंतर. सरू अरुंद आणि सरळ असतो, दोन्ही बाजू सारख्या असतात. मोजण्यात चूक झाली तर लगेच डोळ्यांना खुपते.

मी सांगलीत भरतकाम शिकवते. बालपण बेळगावात गेलं आणि कसुती हे कर्नाटकी भरतकाम आत्याने शिकवलं, त्यामुळे धागे मोजून भरायची सवय लहानपणीच हाताला लागली. ततरीझचंही तसंच आहे. कापडावर काही छापायचं नाही, पेन्सिल टेकवायची नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. ज्यांना कसुतीतली मेंथी येते, त्यांना ततरीझचा मुख्य टाका येतोच. तो साधा क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका आहे.

सामान फार लागत नाही. कापड मॅटी किंवा १४ काउंटचं आयडा घ्या, म्हणजे इंचाला १४ चौकोन मिळतात. सुई बोथट टोकाची हवी. टोकदार सुई धागा चिरत जाते. दोरा म्हणाल तर पॅलेस्टिनी बायका पूर्वी रेशमाने भरायच्या. १९३० च्या दशकात डीएमसी या फ्रेंच कंपनीचा पर्ल कॉटन, म्हणजे पीळदार सुती दोरा, तिथे पोचला, आणि ८ नंबरचा तो दोरा आजही वापरात आहे. त्याच कंपनीच्या नमुन्यांच्या पुस्तकांतून युरोपी गुलाब आणि पक्षीही त्यांच्या पोशाखावर आले. आपल्याकडे पर्ल कॉटन मिळाला नाही तर अँकरची सहापदरी लडी चालते, त्यातले दोन पदर घ्या. रंग गडद लाल. पहिल्या नमुन्याला दुसरा रंग नको.

आता झाड. वरून खाली प्रत्येक ओळीतले टाके असे: १, ३, ३, ५, ५, ७, ७, ७, ७, ५, ३. मग खोडाचे १ आणि १, तळाशी ३. एकूण १४ ओळी, ५८ टाके. नवशिक्यांसाठी मी हा लहान करून घेतला आहे. थोबवरचे, म्हणजे तिथल्या बायकांच्या पायघोळ अंगरख्यावरचे सरू याहून उंच आणि नक्षीदार असतात, आणि ओळीने उभे असतात. १४ काउंटच्या आयडावर आपलं झाड बरोबर एक इंच उंच आणि अर्धा इंच रुंद होईल.

कापड दोनदा दुमडून मध्य काढा आणि ७ टाक्यांच्या ओळीपासून सुरू करा, वरच्या टोकापासून नको. रुंद ओळ पक्की बसली की वर-खाली कमी करत जाणं सोपं जातं.

गाठ मारायची नाही. लडीतला एकच पदर दीड हात लांब कापा, मधोमध दुमडा, म्हणजे त्याचेच दोन पदर होतात, आणि दोन्ही मोकळी टोकं सुईत ओवा. सुई खालून वर काढा, पहिला तिरपा टाका घाला, आणि सुई खाली गेली की मागे लोंबणाऱ्या फासातून ओढून घ्या. दोरा जागेवर बसतो. ओळीतले सगळे अर्धे टाके डावीकडून उजवीकडे एका दिशेने घाला, मग परत येताना फुली पूर्ण करा. वरचा पाय प्रत्येक टाक्याला एकाच दिशेला पडला पाहिजे. दिशा बदलली की त्या टाक्यावर उजेड वेगळा पडतो आणि अख्ख्या झाडात तोच दिसत राहतो. दोरा संपला की मागच्या चार-पाच टाक्यांखालून फिरवून कापा. पॅलेस्टाइनमध्ये भरणारीचा हात कसा आहे ते कापड उलटून पाहतात. आमच्या आत्याही तेच करायच्या.

इथे थोडं थांबून, आपण काय भरतो आहोत ते समजून घ्या. माझ्या वर्गात ही माहिती टाक्यांबरोबरच येते.

१९४८ पूर्वी बाईच्या थोबवरून तिचं गाव ओळखू येई. रामल्लाच्या पांढऱ्या कापडावर लाल भरण, बेथलेहेमच्या छातीपट्टीवर रेशमी आणि सोनेरी दोरी टाचलेली. दक्षिणेकडच्या बेदुईन, म्हणजे भटक्या अरब बायकांत विधवेच्या पोशाखावर निळा दोरा असे, तिने पुन्हा लग्न केलं तर त्यात लाल मिसळायचा. गाझाकडे कापडाचाच थाट निराळा. मजदल गावचे विणकर गडद कापडाच्या काठाला हिरवे आणि लाल पट्टे विणत, आणि त्या विणीला म्हणत ‘जन्ना व नार’, स्वर्ग आणि नरक. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात आणि त्यानंतर मजदल रिकामं झालं. विणकर गाझात आले आणि तिथे त्यांनी पुन्हा माग लावले.

त्या काळात सात लाखांहून अधिक माणसं घरादाराला मुकली. छावण्यांत वेगवेगळ्या गावांच्या बायका शेजारी-शेजारी बसल्या, नमुने एकमेकींत मिसळले, भरतकाम पोटापाण्याचं साधन झालं. १९६७ नंतर इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक आणि गाझात पॅलेस्टिनी झेंडा फडकवण्यावर बंदी आली. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे या ताब्याविरुद्धचा उठाव, सुरू झाल्यावर बायकांनी झेंड्याचे चार रंग, देशाचा नकाशा आणि पॅलेस्टाइन ही अक्षरं थोबवरच भरली. झेंडा हातातून हिसकावता येतो. अंगावरच्या कपड्याचं काय करणार? या पोशाखांचे फोटो मिळवून जरूर पाहा. जुन्या सरूच्या रांगेशेजारी नकाशा इतक्या सहज बसवलेला दिसतो की भरणारीच्या मोजमापाला दाद द्यावी लागते.

२०२१ मध्ये युनेस्कोने हे भरतकाम मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी २००८ मध्ये हिकाये, म्हणजे तिथल्या वयस्कर बायका हिवाळ्याच्या रात्री सांगतात त्या गोष्टी, त्याच यादीत आल्या होत्या. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या रफाहचं संग्रहालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. त्यात जुने थोब होते. ज्या गावाची जागा नकाशावर उरलेली नाही, त्या गावाची खूण त्या कापडांवर होती. म्हणून नमुना जिवंत हातांत असणं मला फार मोलाचं वाटतं. आपण सांगलीत बसून भरलेल्या झाडाने तिथलं कुणाचं घर परत उभं राहणार नाही, हे खरं. पण नमुना कुणाचा ते विसरून भरलं, तर पुसणाऱ्यांना आपणही हातभार लावला.

तेव्हा एक नियम पाळा. काम पूर्ण झालं की मागच्या बाजूला कापडाची छोटी पट्टी शिवा आणि त्यावर लिहा: सरू, पॅलेस्टाइन, भरणारीचं नाव, वर्ष. नुसतं ‘अरबी डिझाइन’ म्हणू नका. विकायचं असेल तर स्वतःचे वेगळे नमुने विका. पॅलेस्टिनी काम विकत हवं असेल तर ते पॅलेस्टिनी बायकांकडून घ्या. लेबनॉनमधल्या छावण्यांतल्या बायकांना भरतकामाची मजुरी मिळावी म्हणून १९६९ पासून ‘इनाश’ ही संस्था काम करते.

शेवटचं काम धुण्याचं. लाल दोरा पहिल्या पाण्यात रंग सोडू शकतो, म्हणून भरण्याआधीच त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. कापड गार पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवा. जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. मग पुढचा नमुना घ्या: गाझाच्या थोबवरची कात्री. सरू जमलं असेल तर तीही जमेल.